साहेब, कारकून आणि देवामागचा कोपरा

मी छत्तीस वर्षं यवतमाळच्या एका शाळेत भूगोल शिकवला, आणि निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच वर्षी अकरा बायकांना घेऊन रस्ता चुकले. आमचं एक भटकंती मंडळ आहे. महिन्यातून एका रविवारी भाकरी बांधून कुठल्यातरी टेकडीवर जायचं, एवढाच त्याचा कार्यक्रम. त्या रविवारी आम्हाला तलावाच्या बाजूनं उतरायचं होतं आणि उतरलो लोहाऱ्याच्या एमआयडीसीच्या मागच्या भिंतीपाशी. तिथल्या चौकीदारानं "मोर्चा कुठला हो?" असं अदबीनं विचारलं. नकाशा माझ्या हातात होता आणि पुढारीणही मीच होते. तेव्हापासून मंडळात भूगोलाचा विषय निघाला की कुणी ना कुणी खोकतं.

म्हणून ठरलं, की मंडळासाठी हातात धरायचं जीपीएस यंत्र घ्यायचं. बंगळुरूच्या माझ्या भाच्यानं दोन पाठवली. सोबत चिठ्ठी होती, "मावशी, दोन्ही घेऊन चार दिवस खरंखुरं चाल आणि मग एक ठेव. दुकानातल्यासारखं नुसतं हातात फिरवून ठरवू नकोस." एक यंत्र मोठं, रंगीत पडद्याचं. बोट लावलं की नकाशा सरकायचा, डोंगर तपकिरी आणि नद्या निळ्या दिसायच्या. दुसरं पिवळं, बुटकं, बाजूला पाच बटणं, आणि पडद्यावर काळ्या-करड्या रेघा. आमच्या घरात तीन पिढ्या कचेरीत गेलेल्या, त्यामुळे नावं ठेवायला वेळ लागला नाही. पहिला साहेब, दुसरा कारकून. मनातून मी साहेबाला केव्हाच हो म्हटलं होतं. चार दिवस चालायचं ते फक्त भाच्याचं मन राखायला.

कुठं चालायचं, हे सुनीताच्या फोननं ठरवलं. सुनीता माझी विद्यार्थिनी. आता झरी जामणी तालुक्यात एका कोलाम पोडावर अंगणवाडी चालवते. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. यंत्रांची बातमी तिच्यापर्यंत कशी गेली कोण जाणे.

"बाई, तुमच्या मशीनीनं जमीन मोजता येते म्हणे," ती म्हणाली. "माया सासूची जमीन मोजून द्या नं. चार एकर वाहून राह्यली ते, अन् कागदावर सव्वातीन आली. सोमवारी ग्रामसभा आहे. हरकत द्यायची तं तेव्हाच."

वनहक्काचा कायदा येऊन दोन-तीन वर्षं झाली होती. पिढ्यान्‌पिढ्या जंगलात कसलेली जमीन आता कसणाऱ्याच्या नावावर व्हायची होती, आणि मोजणीला आलेली माणसंही हातात असंच यंत्र धरून शेताला फेरी मारून गेली होती. मी म्हटलं, येते. डोंगर फिरणं होईल, आणि जाता जाता तुझं कामही होईल. "जाता जाता" हे शब्द मला आज आठवले की लाज वाटते.

शनिवार: पांढरकवड्याच्या पुढे

त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात बाहेरून येणारा माणूस कापसाचा आणि मरणाचा प्रश्न घेऊनच यायचा. प्रश्न खरा होता, मी नाही कशाला म्हणू? पण त्यापायी यवतमाळ जिल्ह्याला डोंगर आहेत, सागाची जंगलं आहेत, दक्षिणेला पैनगंगा आहे आणि इथली माणसं भांडतात, हसतात, पाहुण्याला आग्रहानं वाढतात, हे कुणी लिहीतच नसे. मला त्याचा राग यायचा. पांढरकवड्याला बस बदलली आणि पुढं फाल्गुनातल्या पळसानं दोन्ही बाजूंनी जो लाल उठाव केला, तो पाहून शेजारच्या बाईला मी उगाचच म्हटलं, "पाहा, कसा फुलला आहे." ती म्हणाली, "हो नं. पत्रावळीले पानं बी चांगले येतीन औंदा." दोघींनाही आनंद झाला, जिचा तिला.

सुनीता फाट्यावर उभी होती. तिथून पोड तासभराच्या वाटेवर. मी दोन्ही यंत्रं गळ्यात अडकवली आणि चालू केली. साहेबाचा नकाशा उन्हात मुळी दिसेचना. पदराची सावली धरावी तेव्हा त्यात नद्या उगवायच्या. कारकुनाच्या काळ्या रेघा मात्र भर उन्हात स्पष्ट होत्या. मी मनाशी म्हटलं, पहिलाच दिवस आहे, साहेबांना हवा मानवली नसेल.

भीमाबाई, म्हणजे सुनीताची सासू, साठीची असेल. बारीक, ताठ, अनवाणी. तिनं पाय धुवायला पाणी दिलं आणि गुळाचा कोरा चहा. आमच्याकडे पाहुण्याला बिनदुधाचा चहा दिला तर तो वर्षभर गावभर सांगत फिरेल. इथं दूध वासराचं, माणसांनी मागायचं नाही. त्या चहात तिनं काय टाकलं होतं ठाऊक नाही, मी तीन पेले प्यायले. घरात अर्धी खोली कापसानं भरलेली होती. भाव येईल म्हणून ठेवलेला तो कापूस भिंतीला टेकून बसला होता आणि आम्ही त्याच्या पायाशी.

"चार एकर आहे हे तुम्हाला कसं माहीत?" मी विचारलं. शिक्षिकेची खोड, पुरावा आधी.

"बियाच्या थैल्या चार लागतीन असं वावर हाये," ती म्हणाली. "एका एकराले एक थैली. तीन थैल्या कपाशी टोबतो. चौथीच्या जागेत जवारी अन् तूर. नाल्याकडचा कोपरा आहे तो, गाळाचा. कपाशीचं काई खरं नाई, बाई. आमी खाऊन राह्यलो ते त्या कोपऱ्याचं."

कागदाबाहेर राहिलेल्या जमिनीत पावसाळ्यात वनखात्याची सागाची रोपं लागणार, असं पोडात बोललं जात होतं. पाऊण एकर म्हणजे तिच्यासाठी वर्षाची भाकर होती. हे मला तेव्हाच समजलं होतं, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकते. तरी मी पुढं जे केलं ते केलं.

ऊन उतरल्यावर आम्ही शेतात गेलो. भीमाबाई पुढं, मी मागं, दोन्ही यंत्रं चालू. "यांना आकाशातून सगळं दिसतं," असं मी तिला निघताना ऐटीत सांगितलं होतं. तिच्या पायाला जणू चाकं होती. बांध, बोरीचं झुडूप, वाळलेली पऱ्हाटी, मोहाच्या झाडाखाली शेंदूर लावलेला एक दगड, मग उतार, मग पुन्हा बांध. निघालो तिथं परत आलो. मी बटण दाबलं. साहेब म्हणाला सव्वातीन एकर. कारकून म्हणाला, सव्वातीनला थोडी कमी.

मला सांगायला संकोच वाटतो, पण खरं सांगते: मला आनंद झाला. दोन वेगळ्या यंत्रांनी एकच उत्तर दिलं, सरकारी कागदाशी जुळणारं. इतका स्वच्छ प्रयोग मला शाळेतही कधी जमला नव्हता. मी वळून म्हटलं, "भीमाबाई, कागद बरोबर आहे हो. जमीन सव्वातीनच आहे."

ती माझ्या गळ्यातल्या दोन्ही यंत्रांकडे पाहत राहिली. "बियाची थैली खोटं बोलन काय?" एवढंच म्हणाली आणि घराकडे चालायला लागली.

जेवायला ज्वारीची भाकर आणि तुरीच्या वाळवलेल्या सोल्यांची उसळ होती. ती ज्वारी आणि ती तूर कुठली, हे मला दुपारीच कळलं होतं. सुनीतानं मला तिसरी भाकर वाढली, आग्रह केला नाही. विदर्भात आग्रह न करता वाढणं म्हणजे काय, ते विदर्भातल्या माणसालाच कळेल.

रविवार: डोंगरावर नाईकांच्या मागे

पोडाचा मुख्य तो नाईक. या पोडाचे नाईक सत्तरीचे, खांद्यावर कुऱ्हाड, डोक्याला मळकं मुंडासं. मला डोंगरावर न्यायला तेच आले. मी त्यांना यंत्रं दाखवली. त्यांनी साहेबाच्या पडद्यावर बोट ठेवलं. काहीच हललं नाही. पुन्हा दाबलं. आयुष्यभर कुऱ्हाड धरून त्यांच्या बोटांची कातडी अशी झाली होती की साहेबाला ते बोट माणसाचं वाटेना. कारकुनाचं बटण त्यांनी एकदाच दाबलं आणि त्यानं टुक् असा आवाज करून जागेची खूण केली. नाईक खूश झाले. "हे आयकते," म्हणाले.

अर्ध्या डोंगरावर मी जाहीर केलं, "माथा इथून सरळ चारशे मीटर." नाईकांनी सरळ पाहिलं. समोर वीस हात उंच कडा होता.

"तुमच्या मशीनीले हा दगड दिसून नाई राह्यला का, मास्तरीणबाई?"

"तिला फक्त जागा कळते, वाट नाही."

"मंग ते माया जावयासारखं हाये," असं म्हणून ते डावीकडच्या पायवाटेला लागले. कड्याखाली एका सैल दगडावरून मी सरकले, गुडघा फुटला, साडीला भोक पडलं. नाईकांनी कसलासा पाला चुरडून गुडघ्याला लावला आणि मी ओय म्हणेपर्यंत पुढं गेलेसुद्धा.

माथ्यावर पोचलो तेव्हा साहेबांनी डोळे मिटले होते. त्यांची बॅटरी आतली, विजेवर भरायची, आणि पोडावर वीज आठवड्यातून पाहुणी यावी तशी येते. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. कारकून दोन पेन्सिल सेलवर चालायचा, आणि पेन्सिल सेल फाट्यावरच्या टपरीतही मिळतात. मी साहेबांना पिशवीत घातलं आणि कारकुनाला हातात घेतलं.

वरून सगळं दिसत होतं. पानं झडलेला साग, मधूनमधून पळस, दूर पैनगंगेची फिकी रेघ, आणि खाली पोड. भीमाबाईचं शेतही दिसलं. मी शिक्षिका आहे; वर्गात मुलांना सांगायचे तसं स्वतःला सांगितलं, की नकाशा आणि जमीन शेजारी धरून बघ. कारकुनाच्या पडद्यावर कालच्या फेरीची रेघ काढली आणि खालच्या शेताशी ताडली. शेताला चार कोपरे होते. रेघेला मात्र तीनच कोपरे, आणि चौथ्या जागी तिरपा काप. नाल्याकडचा अख्खा तुकडा रेघेच्या बाहेर. वरून त्यातली तुरीची खुंटंसुद्धा दिसत होती.

"नाईक, काल भीमाबाई मला त्या कोपऱ्यात घेऊनच गेली नाही," मी म्हटलं. "काहून?"

नाईकांनी मला निरखून पाहिलं. हे विचारायची काय गरज, असा चेहरा. "मोहाखाली देव बसला हाये नं. तूर निंगाली की तो मोहाच्या फुलाची वाट पाहते. नवी फुलं त्याले वाहत नाई तोवर त्याच्या पाठीमागून कोणी पार जात नाई. ह्या पोडाची रीत हाये. म्हणून समोरून गेली ते."

"आणि मोजणीवाले आले तेव्हा?"

"तवा बी हेच दिवस होते, मागच्या साली. त्याहीले बी तिनंच समोरून नेलं."

भीमाबाईनं स्वतःच्या पायांनी स्वतःचा कोपरा दोनदा कापून दिला होता, एकदा सरकारला आणि एकदा मला. आणि तिला कुणी सांगितलंच नव्हतं, की यंत्र शेत मोजत नाही, चालणाऱ्याचे पाय मोजतं. मोजणीवाल्यांना रीत ठाऊक नव्हती, त्यांना दोष कसा द्यायचा? पण मी भूगोलाची मास्तरीण. काल तिला "कागद बरोबर आहे" म्हणाले, तेव्हा शेताकडे मी मान वर करून एकदाही पाहिलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी नाईकांच्या आधीच उतरायला लागले.

भीमाबाई अंगणात तूर पाखडत होती. मी तिला सगळं सांगितलं. ती सूप थांबवून ऐकत राहिली.

"मले वाटलं ते वरून पाह्यते," ती म्हणाली. "तुमीच म्हटलं नं, आकाशातून दिसते म्हणून."

"मी चुकीचं सांगितलं. माझी चूक आहे, भीमाबाई."

"चुकते माणूस," ती म्हणाली आणि पुन्हा सूप हलवू लागली. थोड्या वेळानं सुनीताला हाक मारून तिनं चहा ठेवायला सांगितला. मला तेव्हा रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

सोमवार: रेघेला पाय नसतात

आता अडचण अशी, की मोहाची फुलं अजून पडली नव्हती. पाच-सहा दिवस तरी लागणार होते, आणि ग्रामसभा आजच दुपारी. मी म्हटलं, मी बाहेरची आहे, मला रीत लागू नाही, मी जाते मागून. भीमाबाईनं मान हलवली. "वावर मायं हाये. तुमी गेल्या तं मीच गेल्यासारखं होईन." आमच्याकडे सोवळ्यातून पळवाट काढायला एक ना एक काका असतोच. इथं कुणी पळवाट शोधतच नव्हतं.

नाल्याकडच्या त्या कोपऱ्याच्या टोकाला हद्दीच्या खुणेचा एक दगड होता. मी नाईकांना विचारलं, "त्या दगडापर्यंत एका बाजूनं जाऊन त्याच वाटेनं परत आलं तर?"

"चालते. पाठ वलांडली नाई मंग."

साहेबाला जमीन मोजायची तर न थांबता फेरी पुरी लागायची. कारकुनाचं तसं नव्हतं. जागोजाग खुणा करायच्या, आणि मग तो त्या खुणा सरळ रेघांनी जोडून आतलं क्षेत्र सांगायचा. हे त्याच्या पुस्तिकेत शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात होतं. चांगल्या कारकुनाची चांगली कामं तिथंच लिहिलेली असतात.

पहिला कोपरा, खूण. दुसरा कोपरा, खूण. मग नाल्याच्या अलीकडून त्या दगडापर्यंत. भीमाबाई पुढं चालत होती, पण आज हळू. दगडावर मी कारकून ठेवला आणि बटण तिला दाबू दिलं. टुक्. मग आल्या वाटेनं परत, देवासमोर हात जोडून पलीकडे, आणि उरलेला कोपरा. बटण दाबायच्या आधी तिनं नाईकांना विचारलं, "आपून नाई गेलो, पण रेघ तं त्याच्या पाठीमागून गेली नं? तिचं काय?"

"रेघेले कुठं पाय असते," ते म्हणाले.

चार एकर, आणि वर किंचित. मी आकडा मोठ्यानं वाचला. सुनीतानं टाळी वाजवली. भीमाबाई मात्र पडद्यावर वाकून ती काळी चौकट बघत होती.

"देव कुठं आला ह्याच्यात?"

"आत," मी अभिमानानं म्हटलं. "कोपरा आत आला, म्हणजे देवही आत."

ती मागं सरकली. "नाई, बाई. त्याले बाहेर काढा. देव पोडाचा हाये. माया नावावर कसा करू त्याले?"

मी तिला समजावलं. जागा किती, तर दोन खाटांची. कुणी तिथून देव हलवणार नाही. कागद स्वच्छ, चौकोनी जाईल. त्याला भोक पाडलं तर वरचे लोक दहा प्रश्न विचारतील आणि हरकतच अडकेल. जिच्या वर्षभराच्या भाकरीचा प्रश्न होता ती हे सगळं शांतपणे ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "अडकली तं अडकू द्या. आमी त्याच्या जागेत राह्यतो, तो आमच्या जागेत नाई राह्यत."

मी नाईकांकडे पाहिलं. ते तिला थांबवतील अशी मला आशा होती. ते म्हणाले, "तेवढी जागा साऱ्या पोडाच्या नावानं, सामूहिक दाव्यात लिवू," आणि तिथंच उभे राहून आठवू लागले, की पोडाच्या कुठल्या कुठल्या शेतांत असे देव आहेत.

कारकुनालाही चौकटीच्या आत भोक पाडता येत नाही. म्हणून ते काम मी केलं, शाळेतल्या टेपनं आणि पेन्सिलीनं. मोहाभोवतीचे दगड मोजले, नकाशा काढला, चार खुणांचे आकडे लिहिले, मधे एक लहान गोल काढून त्यात लिहिलं: देवाची जागा, वगळून. ग्रामसभेत भीमाबाईनं तो कागद स्वतः पुढं ठेवला. सुनीतानं वाचला, नाईकांनी रीत सांगितली, आणि फेरमोजणी मागायचा ठराव झाला. पुढं काय होईल ते कुणालाच सांगता येत नव्हतं. परतीच्या बसमध्ये माझा गुडघा ठणकत होता आणि पिशवीत भीमाबाईनं दिलेली तूर होती, मी नको नको म्हणत असताना बांधलेली.

साहेबाला मी त्याच आठवड्यात बंगळुरूला परत पाठवलं. मंडळात कारकुनाचं स्वागत यथातथाच झालं. दिसायला तो खरंच सामान्य आहे.

फेरमोजणी व्हायला पुढचा वैशाख उजाडला. तेव्हा फुलं वाहून झाली होती, आणि भीमाबाई मोजणीवाल्यांच्या पुढं देवाच्या मागून, थेट नाल्याच्या काठानं, अनवाणी चालली, असं सुनीतानं कळवलं. नंतर बरेच महिने काहीच नाही. एकदा पावसात हरकत फेटाळली अशी बातमी आली, ती दुसऱ्याच कुणाची निघाली.

मग दिवाळीनंतर एका दुपारी फोन आला. मागं माणसांचा गलका होता, आणि सुनीताऐवजी भीमाबाईच बोलत होती. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं फोन हातात धरला असावा, कारण ती डोंगरावरून हाक मारल्यासारखी बोलत होती.

"बाई, कागद आला. कोपरा आत हाये."

"आणि देव?"

"बाहेर हाये," ती म्हणाली. "आता या तुमी. जवारी हुरड्यावर आली."